उदगीरला गेले आणि झोपून आले

मैत्रिणींनो, माहेरी चार दिवस राहून आलं की शेजारणी विचारतात, "काय काय आणलंस? कुठं कुठं फिरलीस?" यंदा येळवशीला उदगीरला जाऊन आले, तेव्हा आमच्या शेजारीणबाईंनीही हेच विचारलं. मी म्हटलं, "आणलं काही नाही, झोपून आले!" त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. पण खरंच सांगते, त्या चार दिवसांत मी जेवढी झोपले तेवढी लग्नानंतर सलग चार दिवस कधी झोपले असेन असं मला आठवत नाही.

आधी जरा मागची हकीकत सांगायला हवी. मी राहते लातूरला. घर सांभाळून एका शाळेत रोज तीन तास मराठी शिकवते. सहा-सात महिन्यांपासून जिना चढताना धाप लागायची. एकदा तर फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खुर्चीचा आधार घ्यावा लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं ८.९. बाईचं ते निदान १२ तरी असावं लागतं. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तीन प्रश्न विचारले. झोपता किती? जेवता केव्हा? जेवणावर चहा घेता का?

मला उत्तरं देताना लाज वाटली. थोरली मुलगी दहावीला. आमच्या लातूरला अभ्यासाचं खूळ किती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती बारापर्यंत जागते, म्हणून मीही जागते. पहाटे पाचला डब्यांसाठी उठते. म्हणजे झोप झाली पाच तास. जेवते सगळ्यांचं उरकल्यावर, रात्री साडेदहाला. आणि दुपारच्या जेवणावर चहा तर हवाच! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या मी देते. बाकीचं मात्र तुम्हालाच करावं लागेल."

यात मी काही एकटी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या महाराष्ट्रात ५४ जणींच्या. म्हणजे हा अंक तुमच्या घरी आला असेल, तर तो वाचणाऱ्या दोघींपैकी एकीची गोष्ट माझ्यासारखीच असणार.

त्यातच डिसेंबरात आत्याचा निरोप आला, "येळवशीला ये." आईवडील आता भावाकडे पुण्याला असतात, त्यामुळे माझं माहेर म्हणजे उदगीरला आत्याचं घर. 'हे' म्हणाले, "जाऊन ये, मुलांचं मी बघतो." मी पिशवी भरली आणि एस. टी. त बसले.

लातूरहून उदगीर साधारण ६५ किलोमीटर. रेल्वेनं यायचं तर लातूर रोडवरून येणारी गाडी उदगीर करून पुढं भालकी-बीदरकडं जाते. डिसेंबरातला हा रस्ता फार सुरेख दिसतो. काळी जमीन, कंबरेएवढी ज्वारी, शेंगांनी लगडलेली तूर, मधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत आलं आणि १९८२ साली नवा लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात गेलं. त्यामुळे इथल्या बाजारात उभं राहिलं की मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात. कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडून! २०२२ च्या एप्रिलात ९५ वं मराठी साहित्य संमेलन इथं भरलं, तेव्हा बाहेरगावच्या पुष्कळ लोकांना उदगीर नकाशावर कुठं आहे ते कळलं.

आत्याला ८४ वर्षं पूर्ण झालीत. अंगानं सडपातळ, कान थोडे जड, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवते. (मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर जास्तच चांगला ओवते, असं ती म्हणते.) मी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हातपाय धुतले, तोवर ताटं मांडलेलीसुद्धा! सात वाजता ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथीची भाजी आणि कच्चा कांदा. आठला ओटा पुसून झाला. साडेनऊला घर अंधारात.

मला कुठली झोप येते! पडल्या पडल्या मोबाईल काढला. मुलीला निरोप पाठवला, मग शाळेच्या ग्रुपवरचे निरोप वाचले, मग उगाच कुणाकुणाचे फोटो पाहत बसले. शेजारच्या बाजेवरून आत्या म्हणाली, "पोरी, काय बगूलालीस त्यात एवढ्या राती? गाव निजलं की. ठेव ते, नीज."

"आत्या, मला बारापर्यंत झोपच येत नाही गं."

"डोळ्यांवर दिवा धरून बसलीस, मग कशी यावी?"

आत्या शाळेत दुसरीपर्यंत शिकलेली. पण तिनं एका वाक्यात जे सांगितलं, तेच मोठमोठे शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते उजेड-अंधारावर चालतं. अंधार पडला की मेंदूतून मेलॅटोनिन नावाचं द्रव्य पाझरायला लागतं आणि अंगाला कळतं की आता निजायचं आहे. रात्री डोळ्यांपुढे लख्ख उजेड असला की ते द्रव्य कमी पाझरतं आणि झोप लांबते. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते फळमाशीवर प्रयोग करून उलगडून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी आणि दहावीच्या वयाच्या मुलांना तर आठ ते दहा. सतत कमी झोपणाऱ्यांना रक्तदाब, मधुमेह, वजनवाढ यांचा धोका जास्त. हे सगळं मी वाचलेलं होतं, वर्गात मुलांना सांगितलेलंही होतं. स्वतः मात्र पाच तासांवर गाडा ओढत होते!

पहिल्या रात्री साडेअकरा वाजले. दुसऱ्या रात्री मोबाईल आत्याच्या फडताळात ठेवला आणि दहाला झोपले. तिसऱ्या रात्री कधी डोळा लागला तेच कळलं नाही.

सकाळी उठून आत्या किल्ल्यावर जाते. किल्ला गावाला लागूनच, घरापासून तिच्या चालीनं वीस-पंचवीस मिनिटं. बहामनी काळापासूनचा हा किल्ला. भोवती खोल खंदक, दुहेरी तटबंदी, बुरूज, आत जुने महाल आणि फारसी शिलालेख. किल्ल्यात तळघरासारख्या जागेत उदागीर महाराजांची समाधी आहे, त्यांच्यावरूनच गावाला उदगीर नाव पडलं असं सांगतात. आत्या तिथं दर्शनाला जाते. तीन फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला हरवलं, ती उदगीरची लढाई याच मुलखातली. पुढच्याच वर्षी पानिपत झालं. शाळेत हा धडा शिकताना मला फार अभिमान वाटायचा की आपल्या गावाचं नाव पुस्तकात आहे!

मी आत्याच्या मागोमाग चालत होते आणि धापत होते. ती वाटेत थांबून एकीला सुनेची तब्येत विचारी, एकाला म्हशीची. परत येताना कोथिंबिरीची जुडी घेई. जाऊन-येऊन पाऊण तास आणि वर पायऱ्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा झपाझप चालावं किंवा तेवढे श्रम करावेत. आत्याची चाल झपाझप नाही, पण तिची आठवड्याची बेरीज तीनशेच्या वर जाते. "व्यायाम" हा शब्द तिनं कधी उच्चारलेला नाही. तिला देवाला जायचं असतं आणि चार माणसांशी बोलायचं असतं.

आता स्वयंपाकघराकडे वळू. उदगीर-लातूर हा डाळींचा मुलूख. दाळमिलींच्या रस्त्यानं गेलं की हवेतसुद्धा तुरीचा वास असतो. आमच्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भाकरी आणि वरण हे गरिबाचं जेवण म्हणून आपण पाहुण्यांसमोर मांडायला लाजतो. पण बघा, ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो तुरीत भरपूर असतो. तुरीत जे कमी, ते ज्वारीतून मिळतं. दोन्ही एका ताटात आली की एकमेकींचं उणं भरून निघतं, अगदी नांदत्या जावांसारखं! शिवाय भाकरीत कोंडा असतो, त्यामुळे पोटही साफ राहतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आत्याच्या घरात ते कधी संपलंच नव्हतं.

चहाचं मात्र आत्याला विचारलं तर म्हणाली, "जेवणावर कशाला? सकाळी एकदा, दुपारी उन्हं उतरली की एकदा." डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं होतं. चहातली तुरट द्रव्यं अन्नातलं लोह अंगात शिरू देत नाहीत. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवावं. उलट ताटात लिंबाची फोड किंवा आवळा असला की पालेभाजीतलं, डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं.

आणि मग उगवली येळवस. तुमच्यापैकी ज्या पुण्या-मुंबईच्या आहेत, त्यांना हा सण कदाचित ठाऊक नसेल. वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या लातूर-उस्मानाबादकडं (आता धाराशिव म्हणायचं) आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात तिचं अप्रूप दिवाळीपेक्षा कमी नाही. त्या दिवशी गाव ओस पडतं, बाजार बंद, सगळे शेतात. ज्याला शेत नाही, त्याला शेतवाला आग्रहानं घेऊन जातो.

आदल्या रात्री घरात झोप नव्हतीच म्हणा! भज्जीसाठी वहिनी आणि मी तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे सोलत बसलो. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. कोवळे दाणे, पालेभाज्या आणि लसणाची पात चिंचेच्या पाण्यात, डाळीचं पीठ लावून शिजवायची. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून आंबील केली. असं आंबवल्यानं धान्यातली लोह अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात, हे मला नंतर वाचून कळलं. बाजरीचे उंडे, खिचडा, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी असा सगळा थाट. सकाळी आंबिलाचं बिंदगं घेऊन आतेभाऊ पुढं आणि आम्ही बायका-मुलं मागं.

शेत देवर्जनच्या बाजूला. कडब्याची खोप घातलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडलेले. पूजा झाली, पिकात आंबील शिंपडली आणि पंगत बसली. वाढायला आतेभाऊ आणि त्याचे दोघे मुलगे. वहिनी, मी, आत्या, शेतावर राबणाऱ्या बायका, शेजारच्या शेतातली चार मंडळी, सगळे एकाच ओळीत.

आत्या माझ्या शेजारी बसली होती. दुसऱ्यांदा आंबील मागून घेतली. मी म्हटलं, "आत्या, तुझी भूक माझ्यापेक्षा चांगली आहे."

ती हळूच म्हणाली, "तुला सांगू? माझी सासू म्हणायची, बाईनं समद्यांच्या मागून जेवावं. टोपल्यात भाकर उरली तर खायची, न्हाई तर ताक पिऊन निजायचं. पोरं अंगावर पीत होती तवा बी तसंच. वरसातनं ह्यो एक दिस असा, का बाईला समद्यांसंगं पोटभर. म्हणून मला येळवस लई आवडायची."

माझा घास हातातच राहिला. मी तिच्या दीर्घायुष्याचं गुपित शोधायला निघाले होते आणि तिच्या तरुणपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, तर पोटभर जेवायला मिळायचं तो!

संध्याकाळी मी तिला आणखी विचारलं. तेव्हा कळलं की तिची धाकटी जाऊ बाळंतपणात गेली. थोरली नणंद चुलीच्या धुरात खोकून खोकून गेली. एक चुलत बहीण जन्मभर मिश्री लावायची, तिला तोंडाचा कर्करोग झाला. आत्यानंही मिश्री लावली होती, नातू झाल्यावर सोडली.

म्हणून मैत्रिणींनो, "जुनं ते सोनं" म्हणताना जरा थांबावं. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात माणसाचं सरासरी आयुष्य ३२-३३ वर्षांचं होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. ते वाढलं लसींनी, औषधांनी, दवाखान्यातल्या बाळंतपणांनी, दोन वेळच्या अन्नानं. आपण जगल्या-वाचल्या आत्या-आज्या पाहतो आणि म्हणतो, "बघा, पूर्वीच्या बायका किती काटक!" ज्या गेल्या, त्या आपल्याला दिसत नाहीत.

मग आत्याकडून घ्यायचं काय आणि टाकायचं काय? सात वाजताचं जेवण घ्यावं, भाकरी-वरण घ्यावं, चालणं, अंधारातली झोप आणि चार माणसांशी रोजचं बोलणं घ्यावं. मिश्री, धूर आणि मागून जेवणं टाकावं. लोणचं-पापडाचा सढळ हातसुद्धा आवरावा, कारण दिवसाचं सगळं मीठ मिळून एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत असावं. धूर तर आता बहुतेक घरांतून गेला. मिश्री कमी होते आहे. पण मागून जेवणं आणि मागून निजणं मात्र आपण शिकलेल्या बायकांनीही तसंच चालू ठेवलं आहे. सासू काही म्हणत नसली तरी!

लातूरला परतल्यावर मी काय केलं, तेही सांगते. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं. पहिला आठवडा कुरबुर झाली. 'ह्यांना' कामावरून यायला आठ होतात, म्हणून शेवटी पावणेआठवर तडजोड झाली. सगळे एकदम बसतो, पातेली मध्ये ठेवून ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. सासूबाईंना हे काही फारसं रुचलेलं नाही. "पोळ्या गार होतात," म्हणतात. होतात खऱ्या! पण परवा मला उशीर झाला तेव्हा त्यांनीच माझं ताट झाकून ठेवलं होतं आणि भाजी वेगळी काढली होती.

मुलीशी करार केला. साडेदहाला दिवा बंद, दोघींचे मोबाईल स्वयंपाकघरात. सकाळी साडेपाचला उठून तिनं अभ्यास करायचा. ती महिनाभर रुसली होती. आता म्हणते, सकाळी पाठ केलेलं जास्त लक्षात राहतं. डब्याची भाजी मी रात्रीच चिरून ठेवते. पोळ्या लाटायच्या आणि 'ह्यांनी' भाजायच्या, असं ठरलं आहे. (काही करपतात. मी बोलत नाही.)

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं, ११.२ भरलं. गोळ्यांचं श्रेय मी गोळ्यांना देते. लोह अंगात कमी असेल तर नुसत्या पालेभाजीनं ते भरून येत नाही, डॉक्टरांकडे जायलाच हवं. पाळी फार जात असेल, छातीत धडधडत असेल, आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर तेही अंगावर काढू नये. पण जिना चढताना आता धाप लागत नाही आणि वर्गात मुलांवर खेकसणं कमी झालं आहे, याचं थोडं श्रेय मी त्या साडेदहाच्या अंधाराला देते.

आत्याला फोनवर आकडा सांगितला. तिला आकड्यातलं काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "समद्यांसंगं जेवतीस न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

"मग झालं," म्हणाली, आणि फोन ठेवला. साडेआठ वाजले होते, तिच्या निजायची वेळ होत आली होती.

तुम्हीही आज रात्री एवढं करून पाहा. काल किती वाजता निजलात आणि आज किती वाजता उठलात, ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मांडा. आठ दिवस मांडा. दुधाचा हिशोब आपण एका पावशेरासाठी पुन्हा पुन्हा तपासतो. हाही तपासून पाहायला काय हरकत आहे?